टाकाऊ द्रव्यांची खुर्ची : एक संज्ञा, दोन क्रिया

टाकाऊ वस्तूंपासून आसने घडविण्याचे जे प्रयोग होत आहेत, त्या सर्वांना सरसकट ‘पुनर्चक्रण’ ही संज्ञा लावली जाते. वस्तुतः या एका शब्दाखाली दोन भिन्न क्रिया दडलेल्या आहेत. त्यांपैकी कोणती करावयाची, हे बव्हंशी द्रव्यच ठरविते.

मोटारीचा टायर घ्यावा. रबरात गंधक मिसळून ते तापविले असता त्याच्या रेणुशृंखला परस्परांशी कायमच्या सांधल्या जातात. असे रबर पुन्हा तापविल्यास वितळत नाही, करपते. शिवाय टायरच्या कडेत पोलादी तारा असतात. तेव्हा त्याचा आकार आहे तसा स्वीकारणे हेच श्रेयस्कर. मुंबईच्या अनु टंडन व्हिएरा यांनी नेमके हेच केले. जुना टायर ही चौकट आणि तिच्यावर कापडाच्या चिंध्यांचे विणकाम, अशी त्यांच्या आसनांची रचना आहे. चिंधी भार उभा पेलू शकत नाही, पण ताण उत्तम सोसते. बाज विणणाऱ्यास हे तत्त्व पूर्वापार ठाऊक आहे. (त्यांच्या उपक्रमाच्या ‘रिटायरमेंट प्लॅन’ या नावातील टायरवरचा श्लेष मराठी वाचकालाही सहज उमगावा.)

पाण्याच्या बाटलीचे तसे नाही. तिचे प्लॅस्टिक सुमारे २५० अंश सेल्सिअसला वितळते; मात्र प्रत्येक वितळणीत रेणुशृंखला तुटून ते दुबळे होत जाते. अमेरिकेतील एमेको कंपनीने २०१० साली १११ बाटल्यांच्या प्लॅस्टिकची खुर्ची काढली, तिच्यात बळकटीसाठी काचतंतू मिसळले आहेत. आकार १९४४ सालच्या, नौदलासाठी केलेल्या ॲल्युमिनियमच्या खुर्चीचा. बाटलीची खूण तिच्यात शोधूनही सापडणार नाही.

पहिल्या क्रियेस ‘पुनर्योजन’ व दुसरीस ‘पुनर्घडण’ म्हणावे. हा केवळ पंडिती काथ्याकूट नव्हे. प्लॅस्टिक धुऊन, चुरून, वितळवून केलेल्या कणांना व्यापारात ‘दाणा’ हा नेटका शब्द रूढ आहेच. वसई-विरारमधील वालीव किंवा गोखिवरे येथील एखाद्या लहान कारखानदाराने अशी खुर्ची करावयाचे मनात आणले, तर ‘पुनर्चक्रित माल हवा’ एवढ्याने त्याचे भागणार नाही. दाणा घेतला की पोलादी साचा आला, आणि साच्याचा खर्च भरून निघण्यास हजारो खुर्च्या खपावयास हव्यात. टायर घेतला, तर साचा नको. विणणारे हात मात्र हवेत, आणि प्रत्येक खुर्चीस वेळ द्यावा लागतो.