यंत्राचा श्वास

मोटारीचें इंजिन पेट्रोलावर चालतें, हें आमचे लहान विद्यार्थीही सांगतील. परंतु एक भाग पेट्रोल पूर्णपणें जळण्यास वजनानें सुमारें १५ भाग हवा लागते, हें थोड्यांच्याच ध्यानांत असतें. ही हवा प्रथम इनलेट मॅनिफोल्डच्या नळांतून व पुढें सिलिंडर-हेडमधील वांकड्या वाटेनें झडपेपाशीं येते. त्या वाटेस ‘पोर्ट’ म्हणतात, आणि ती घांसून सुधारण्याच्या कसबास ‘पोर्टिंग’.

हवेस अवधि किती मिळतो तें पाहा. क्रँकशाफ्ट मिनिटास ६,००० फेरे करीत असतां हवा घेणारी झडप सेकंदांत ५० वेळां उघडते, व दर खेपेस सेकंदाच्या सुमारें १५० व्या भागापुरतीच उघडी राहते. अशा वेळीं ओतिवाचा खडबडीत कंगोरा किंवा मॅनिफोल्ड व हेड यांच्या सांध्यांतील लहानशी पायरीही आड येते. हवा तेथें आदळून भोंवरे उठतात. कारागीर फिरत्या कानशीनें ह्या अडचणी काढितो, व वळणाच्या आंतील कडेस अलगद गोलाई देतो.

मग वाट होईल तितकी रुंद कां करूं नये? नदीचें पात्र रुंदावलें कीं पाणी संथ होतें. हवेचेंही तसेंच आहे. पिस्टन परत वर येऊं लागल्यावरही वेगानें येणारी हवा आपल्याच जोरानें क्षणभर आंत शिरत राहते. वेग गेला कीं हा लाभ जातो. शिवाय पाण्यानें थंड होणाऱ्या इंजिनांत पोर्टच्या भिंतीपलीकडे पाणी खेळत असतें. भिंतीस भोंक पडलें कीं हेड बहुधा वायां गेलें!

ह्या कामीं इंग्लंडांतील हॅरी वेस्लेक (१८९७–१९७८) यांनीं मोठें नांव मिळविलें. पोर्टमधून किती हवा जाते हें ते उपकरणानें मोजून पाहत. बाजूस झडपा असलेलें, सुमारें ७० अश्वशक्तीचें एक इंजिन होतें. त्यास त्यांनीं वर झडपा असलेलें नवें हेड योजिलें. त्यामुळें १९३५ सालच्या ‘एस. एस. जॅग्वार’ मोटारींत तेंच इंजिन १०० हून अधिक अश्वशक्ति देऊं लागलें. १९४८ सालच्या जॅग्वार एक्स-के इंजिनाच्या पोर्टनाही त्यांनींच वळण दिलें.

आज हें काम यंत्रांच्या साहाय्यानेंही होतें; परंतु नियम तोच आहे. घांसलेला धातु पुन्हां जोडणें कठीण. म्हणून आमच्या विद्यार्थ्यांनीं हत्यार उचलण्यापूर्वीं मोजण्याची संवय लावून घ्यावी.