‘लस घेतली अन् गेला ना जी!’

कोरोनाचा विषय निघाला की नागपूर जिल्ह्यातल्या पारशिवनी-कन्हानकडच्या पानठेल्यावर हे वाक्य अजूनही येतंच. २०२१ मध्ये ते म्हाताऱ्यांबद्दल बोललं जायचं, आता हार्टअटॅकनं गेलेल्या तरण्या पोरांबद्दल. वाक्य मात्र तेच.

आधी साधा हिशेब. महाराष्ट्रात साथ नसतानाही हजारी साडेपाचच्या आसपास माणसं वर्षाला दगावतात. एक लाख लोकांना एकाच दिवशी नुसतं मिठाचं पाणी टोचलं, तरी पुढच्या आठवड्यात त्यांतले दहाएक जण जाणारच. पंचेचाळिशीच्या पुढचे असतील तर जास्तच. आता तारीख बघा. पंचेचाळिशीपुढच्या सगळ्यांना लस खुली झाली १ एप्रिल २०२१ ला, आणि त्याच महिन्यात नागपूर जिल्ह्यात दुसऱ्या लाटेनं कहर केला. कितीतरी जण विषाणू अंगात घेऊनच रांगेत उभे होते. लशीचं संरक्षण तयार व्हायला दोन-तीन आठवडे लागतात, आजार तेवढा थांबत नाही. अशा माणसाला तिसऱ्या दिवशी ताप चढला, की दोष सुईचा. लस न घेता गेलेल्यांची मोजदाद या गप्पांत कधीच होत नाही, याचा खरा वैताग येतो.

लशीनं कुणाला काहीच झालं नाही, असं मात्र नाही. ८ मार्च २०२१ ला लस घेतलेल्या एका ६८ वर्षांच्या गृहस्थांचा मृत्यू लशीच्या तीव्र ॲलर्जीनं झाला, हे लशीचे दुष्परिणाम तपासणाऱ्या केंद्राच्या समितीनंच मान्य केलं. टोचल्यावर अर्धा तास बसवून ठेवत, ते यासाठीच. कोव्हिशिल्डनंतर रक्ताच्या गुठळ्या झाल्याची शक्यता असलेले रुग्ण त्याच समितीच्या मे २०२१ च्या अहवालात दहा लाख डोसमागे ०.६१ होते. म्हणजे २०२४ मध्ये ‘गुठळ्या होतात हे कंपनीनं आता कबूल केलं’ म्हणून जो गहजब झाला, ती माहिती तीन वर्षं जुनी होती.

राहिली तरणी पोरं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं (आयसीएमआर) ४७ रुग्णालयांच्या मदतीनं १८ ते ४५ वयातले ७२९ अचानक मृत्यू तपासले. लशीनं धोका वाढल्याचं दिसलं नाही. दोन डोस घेतलेल्यांत तो कमीच होता. वाढवणारी कारणं निघाली ती कोरोनानं दवाखान्यात भरती होणं, घराण्यात असे मृत्यू, अंगमोड मेहनत आणि मरणाआधीच्या ४८ तासांतली बेसुमार दारू. हे शेवटचं कारण पानठेल्यावर कुणी काढत नाही.

बाकीचे गैरसमज झटपट. लशीनं अंगाला चमचे चिकटतात: जून २०२१ मध्ये नाशिकहून निघालेली ही आवई, लशीत लोहचुंबक नसतं, चमचा चिकटतो तो घामानं. नपुंसकत्व येतं: औषध महानियंत्रकांनीच जानेवारी २०२१ मध्ये हे धादांत खोटं म्हटलं होतं. कोव्हॅक्सिनमध्ये वासराचं रक्त: पेशी वाढवताना वासराचा सीरम वापरतात, पुढे तो धुऊन निघतो, तयार लशीत नसतो. ‘लस घेऊनही कोरोना झाला’: झाला असेल; पण ऑक्सिजन लागण्याची आणि मरण्याची शक्यता घटली, आणि तेवढ्यासाठीच ती टोचली होती.