लाल अक्षरांची तपासणी

प्रवेशाचा अर्ज असो की शिष्यवृत्तीचा, आता तो संगणकावरच भरावा लागतो आणि त्यात ईमेलचा रकाना असतोच. पत्ता चुकला की खाली लाल अक्षरे उमटतात. ही तपासणी नेमकी कशाची असते?

बहुधा केवळ ठेवणीची! मध्ये ‘@’ हे चिन्ह आहे ना (१९७१ साली रे टॉमलिन्सन या अमेरिकन अभियंत्याने ते निवडले), त्याच्या डावीकडचा भाग ६४ अक्षरांहून लांब नाही ना, उजवीकडे टिंब आहे ना, एवढेच पाहिले जाते. पिनकोडचेच उदाहरण घ्या. श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेली ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. ४११०३० हे आकडे पाहून पत्र सदाशिव पेठेतले हे कळते. पण अमुक गृहस्थ त्या घरात राहतात की नाही, हे पोस्टमन दारात गेल्याशिवाय कसे कळणार?

ईमेलचेही तसेच आहे. उजवीकडच्या नावाने टपाल स्वीकारण्याची व्यवस्था नोंदलेली आहे काय, हे संगणक विचारू शकतो. परंतु पत्ता अर्जदाराचाच आहे याची खात्री एकाच रीतीने होते: त्या पत्त्यावर पत्र धाडायचे, आणि त्यातले आकडे अर्जदाराकडून परत येईपर्यंत पत्ता कच्चा धरायचा.

माझ्या आधी आमच्या घरातले कुणी कॉलेजची पायरी चढले नव्हते. माझा शिष्यवृत्तीचा अर्ज तालुक्याच्या एका दुकानात भरला गेला. भरणाऱ्याने पत्त्यात आडनावातले एक अक्षर गाळले. ठेवण निर्दोष, त्यामुळे लाल अक्षरे उमटलीच नाहीत. ‘कागद अपुरे आहेत’ ही सूचना कुठल्या परक्या पत्त्यावर गेली देव जाणे. मला कळले ते मुदत उलटल्यावर. पडताळणीचे एक पत्र आधी धाडले असते, तर चूक त्याच दिवशी उघडी पडली असती.

उलट, खरे पत्ते मात्र दारातूनच परत पाठवले जातात. डावीकडच्या भागात अधिकचे चिन्ह नियमाने चालते, तरी कित्येक अर्ज ते नाकारतात. देवनागरी पत्त्यांची तर गोष्टच सोडा. वास्तविक इतर लिप्यांतील पत्त्यांसाठीचे टपालाचे नियम २०१२ साली ठरले, आणि २०१४ साली ‘.भारत’ हे देवनागरी क्षेत्रनामही खुले झाले. पण तपासणी लिहिणाऱ्याने डावीकडे रोमन अक्षरेच चालतील असे एकदा ठरवून टाकले, की पुढे कोण विचारतो!

माझ्या आईला मराठी तेवढे वाचता येते. तिच्या नावाचा पत्ता देवनागरीत काढावा असे माझ्या मनात आहे. तो चालेल, त्यावर पत्रेही येतील. मात्र गॅसच्या किंवा बँकेच्या अर्जात तो घातला, तर खाली तीच लाल अक्षरे उमटण्याचा संभव अधिक, आणि तीही बहुधा इंग्रजीत.