आपल्या पूर्वजांचा शोध : काही साधने, काही सूचना

कोकणातील अनेक चित्पावन घराण्यांचे कुलवृत्तान्त छापून प्रसिद्ध झालेले आहेत. आपल्या बौद्ध कुटुंबांत मात्र पणजोबांचे नाव विचारले की बहुधा संभाषण थांबते. याचा अर्थ आपल्या पूर्वजांची नोंद झालीच नाही, असा नव्हे. ती इतरांनी, इतरांच्या सोयीने आणि निरनिराळ्या नावांनी केली. ती ओळखावी कशी, हे येथे थोडक्यात सांगण्याचा आमचा प्रयत्न आहे.

आरंभ घरातूनच करावा. वडीलधाऱ्यांना नावे, नाती, वाडी, देशावर वा मुंबईस गेल्याचा काळ विचारून त्यांच्या देखत लिहून घ्यावे. आजीला तिचे माहेर, माहेरचे नाव आणि तिच्या आईचे गाव अवश्य विचारावे. कागदोपत्री स्त्रिया लवकर हरवतात. त्यांची अर्धी वंशावळ केवळ स्मरणात असते. सन आठवत नसेल, तर १९५६ च्या धम्मदीक्षेच्या आधी की नंतर, असे विचारल्यास उत्तर मिळते.

मग नावाचा प्रश्न येतो. जुन्या कागदांत आपल्या माणसांच्या नावापुढे ‘नाक’ हा प्रत्यय आढळतो. भीमा कोरेगावच्या विजयस्तंभावरील नावांतही तो आहे. आडनावाच्या जागी कधी केवळ जात, कधी गावावरून पडलेले नाव असते. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत बाबासाहेबांचे नाव ‘भिवा रामजी आंबेडकर’ असे नोंदले गेले. घराण्याचे आडनाव सकपाळ, तर मूळ गाव मंडणगड तालुक्यातील आंबडवे. म्हणून केवळ आजच्या आडनावावर विसंबू नये. स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि गाव ही तिन्ही जुळवून पाहावीत.

कागदांपैकी पहिला म्हणजे गावच्या प्राथमिक शाळेचे जनरल रजिस्टर. दुसरा, जन्म-मृत्यूच्या नोंदींचा जुना गाव नमुना १४. त्यासाठी गुहागरच्या तहसील कार्यालयातील अभिलेख कक्षात अर्ज करावा. तिसरा, जमीन असल्यास सातबारावरून मागे जाणारे फेरफार. वारसाच्या फेरफारात एका मृत्यूबरोबर पुढच्या पिढीची नावे एकत्र सापडतात. जुने कागद मोडी लिपीत असतील, तर छायाचित्र घेऊन जाणकाराकडून वाचून घ्यावेत. जात पडताळणीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचे पुरावे अनेक कुटुंबांनी आधीच जमवलेले असतात. ती फाईल कपाटातून काढून पुन्हा वाचावी. तिच्यात इतिहास आहे.

रत्नागिरी जिल्ह्यातील आपली अनेक माणसे पलटणीत होती. पहिल्या महायुद्धातील पदकाच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, नाव व पलटण कोरलेली असते. म्हणून जुने पदक मोडीत घालण्यापूर्वी भिंगाखाली पाहावे. त्या युद्धात धारातीर्थी पडलेल्यांची नावे राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या संकेतस्थळावर विनामूल्य शोधता येतात.

गिरणी आणि गोदीच्या कामासाठी मुंबईस गेलेल्यांचा माग तेथील गावमंडळांच्या वर्गणीच्या वह्या, इतिवृत्ते आणि लग्नपत्रिकांतून लागतो. हे साधन सर्वांत नाशवंत आहे. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग येथील बी. डी. डी. चाळींचा पुनर्विकास चालू आहे. खोली सोडताना पत्र्याची जुनी पेटी रद्दीत जाऊ देऊ नये.

या शोधात अपमानकारक शब्द आणि उल्लेख समोर येतील. ते खोडू नयेत, लपवू नयेत. नक्कल जशीच्या तशी करावी. त्या शब्दांची लाज लिहिणाऱ्याच्या व्यवस्थेला असावी, आपल्या पणजोबांना नव्हे. प्रत्येक नोंदीखाली ती कोठे व केव्हा मिळाली, हे लिहावे आणि एक प्रत मुलांच्या हाती द्यावी. आमच्या वसतिगृहात आलेल्या कित्येक मुलांचे नाव हे त्यांच्या घरातील शाळेच्या रजिस्टरात लिहिले गेलेले पहिलेच नाव होते. त्या नावामागची नावे शोधण्याचे काम आता त्यांचे आणि आपणा सर्वांचे आहे.