लिंबू न पिळता सरबत
ब्लॅडर हळवं असलं की ‘सरबत घे, बरं वाटेल’ हा घरचा सल्ला उलटू शकतो. लिंबू, कोकम, पन्हं, आपलं सगळं आंबटच! इंटरस्टिशियल सिस्टायटिस असलेल्या अनेकांना आंबट फळं, कॉफी, सोडा सोसत नाही. क्रॅनबेरीसुद्धा. वारंवार होणारं इन्फेक्शन टाळायला ती काहींना उपयोगी पडते. पण इन्फेक्शन नसतानाची जळजळ ती वाढवू शकते. म्हणून आधी लघवी तपासून घ्या.

मग प्यायचं काय? नासपती, म्हणजे तुमच्या दुकानातलं पेअर, बहुतेकांना सोसतं. एक पिकलेलं फळ सोलून, बिया काढून 2 कप पाण्यात 10 मिनिटं शिजवा. घोटा, गाळा, चिमूटभर वेलची घाला. काळं पडेल म्हणून लिंबू पिळू नका. काळं पाडणारं एन्झाइम शिजवल्यावर निकामी होतं. बाटलीतल्या रसात मात्र बऱ्याचदा सायट्रिक ॲसिड असतं, लेबल वाचा.

पुढे कलिंगड, ब्लूबेरी करून बघा. पण एका वेळी एकच फळ, आणि दोन-तीन दिवस नोंद ठेवा. प्रत्येकाचं वेगळं असतं. सारखं जावं लागतं म्हणून पाणी तोडू नका: लघवी दाट झाली की जास्तच झोंबते. ताप आला किंवा रक्त दिसलं, तर सरबत बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना फोन करा.