बिग बॉस : नाव कुणाचं, मत कुणाला?

मराठी 'बिग बॉस'चा पुढचा सीझन आला, की 'कोण कोण येणार?'ची लिस्ट फिरणारच. पण जुने निकाल बघाल, तर पहिल्या रात्रीचा स्टार शेवटच्या रात्रीचा विनर असेलच, याची काहीच गॅरंटी नाही!

प्रोमो पडला रे पडला, की ऑफिसात दुसरा विषय नसतो. कॅन्टीनमध्ये चहाचा कप हातात घेतलेले अकाउंट्सवाले काय आणि आयटीवाले काय, सगळेच एक्स्पर्ट! 'ती अमुक मालिकेतली फायनल झालीय म्हणे', 'तो रीलवाला पण येतोय'... बरीच नावं पहिल्या रात्री दिसतच नाहीत, पण चर्चा काही थांबत नाही. खरा फंडा मात्र त्या लिस्टमध्ये नसतोच, मंडळी.

आयडॉल विरुद्ध गोलीगत

आठवा 2024 चा पाचवा सीझन. शेवटी उरले दोघं. एकीकडे अभिजीत सावंत, 2005 मध्ये 'इंडियन आयडॉल'चा पहिला विजेता ठरलेला. आपल्यातल्या कितीतरी जणांनी तेव्हा बाबांच्या मोबाइलवरून त्याच्यासाठी एसएमएस केले होते! दुसरीकडे बारामती तालुक्यातल्या मोढवे गावचा सूरज चव्हाण. लहानपणीच आई-वडील गेलेले, शिक्षण जेमतेम. टिकटॉकवर गाजला आणि तितकाच टिंगलीचा विषयही झाला. 6 ऑक्टोबरच्या रात्री ट्रॉफी सूरजच्या हातात! मतांवर स्टार झालेला आयडॉल इथे मतांवरच दुसरा आला.

तुक्का म्हणाल, तर 2019 घ्या. घरात किशोरी शहाणेंसारखं मोठं नाव होतं, पण जिंकला 'रोडीज'मधून आलेला अमरावतीचा शिव ठाकरे. पुढे 2023 मध्ये हिंदी 'बिग बॉस 16'चा रनर-अपही झाला. आता दर वेळी बाहेरचाच जिंकतो असंही नाही हं! 2018 ची पहिली विजेती मेघा धाडे मालिकांमधलीच. पण घरात शिरल्यावर जुना बायोडेटा फारसा कामाला येत नाही, एवढं खरं.

मत पडतं कशावर?

घरात चोवीस तास कॅमेरे आणि हातात फोन नाही. आपल्याला दिसतो तास-दीड तासाचा एडिट. बरंच काही कात्रीत जातं, पण दहा जणांनी मिळून एकाला कोपऱ्यात घेतलं, की ते लपत नाही. मग वीकेंडला हिशेब. पहिले चार सीझन तो महेश मांजरेकर घ्यायचे, 2024 मध्ये रितेश देशमुखचा 'भाऊचा धक्का' आला. माझगावच्या धक्क्यावर मासळीचा भाव ठरतो, इथे आठवडाभराच्या वागण्याचा! होस्टने ओरडून झालं, की उरलेलं काम पब्लिक करतं.

हे फक्त आपल्याकडेच होतं असंही नाही. 2007 मध्ये ब्रिटनच्या 'सेलिब्रिटी बिग ब्रदर'मध्ये शिल्पा शेट्टीला वर्णद्वेषी टोमणे ऐकावे लागले. भारतात पुतळे जळले, ब्रिटनच्या संसदेत विषय गाजला आणि शिल्पा 63 टक्के मतांनी जिंकली. टोमणे मारणाऱ्यांत सगळ्यात बदनाम झाली ती जेड गुडी.

पण गोष्ट तिथे संपली नाही. 2008 मध्ये हीच जेड आपल्या हिंदी 'बिग बॉस'मध्ये आली. होस्ट कोण? शिल्पाच! घरात असतानाच जेडला कॅन्सर झाल्याचं कळलं आणि ती शो सोडून गेली. मार्च 2009 मध्ये, अवघ्या 27 व्या वर्षी, तिचं निधन झालं. वर्षभर जिला व्हिलन म्हणून शिव्या घातल्या, ती दोन लहान मुलांची आई होती, हे तेव्हा कुठे अनेकांच्या लक्षात आलं.

ट्रॉफीनंतर काय?

सूरजला हीरो करून केदार शिंदेंनी 'झापुक झुपूक' काढला. एप्रिल 2025 मध्ये तो आला, पण मतं देणाऱ्यांची गर्दी काही तिकीटखिडकीवर दिसली नाही. मोबाइलवर मत द्यायला एक बोट लागतं, थिएटरला जायला शनिवारची संध्याकाळ! म्हणूनच सीझन संपल्यावर त्या माणसाचं काय होतं, हेही जरा बघायला हवं.

नवा सीझन बघताना...

* पहिल्या आठवड्यात फेव्हरिट ठरवू नका. जो गप्प आहे त्याच्यावरही नजर ठेवा.
* भांडण कुणी सुरू केलं यापेक्षा नंतर बाजूला एकट्या पडलेल्याशी कोण बोलायला गेलं, ते बघा.
* मीम बिनधास्त फॉरवर्ड करा, पण स्पर्धकाच्या आई-बहिणीपर्यंत जाणारी कमेंट टाइप व्हायच्या आत डिलीट!
* आणि मत? ज्याच्या शेजारच्या डेस्कवर बसून रोज काम करायला आवडेल, त्याला द्या. सोपी टेस्ट आहे, बॉस!