लखनऊची मांसबंदी आणि जनावराचा प्रश्न

उत्तर प्रदेशात १९ मार्च २०१७ रोजी योगी आदित्यनाथ यांचे सरकार सत्तेवर आले आणि काही दिवसांतच राज्यभर बेकायदा कत्तलखान्यांवर कारवाई सुरू झाली. राजधानी लखनऊमध्ये मांसविक्रेत्यांनी दुकाने बंद ठेवली. १९०५ मध्ये सुरू झालेल्या ‘टुंडे कबाबी’ या प्रसिद्ध उपाहारगृहालाही म्हशीच्या मांसाअभावी काही काळ दार बंद करावे लागले. परवाने, स्वच्छता आणि रोजगार यांवर तेव्हा पुष्कळ चर्चा झाली. ज्या जनावरावर हा सारा व्यवहार उभा आहे, त्याच्याविषयी माणसाचे कर्तव्य काय, हा प्रश्न मात्र मागेच राहिला.

न्यायालयाची भूमिका

लखीमपूर खेरी येथील एका मांसविक्रेत्याच्या परवान्याचे नूतनीकरण रखडले होते. त्याच्या याचिकेवर अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनऊ खंडपीठाने ३ एप्रिल २०१७ रोजी आदेश दिला. अन्नाच्या निवडीचा संबंध न्यायालयाने राज्यघटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काशी जोडला. बेकायदा व्यवसाय रोखताना कायदेशीर व्यवसायाची सोयही झाली पाहिजे, असे मत न्यायालयाने नोंदविले.

कायदा काय सांगतो?

हा विचार माणसाच्या हक्काचा होता. जनावराच्या हिताचा विचार १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात आहे. अन्नासाठी प्राणी मारणे हा या कायद्यानुसार गुन्हा नाही. मात्र त्याला अनावश्यक वेदना दिल्यास ही सवलत मिळत नाही. २००१ च्या कत्तलखाना नियमांनुसार गाभण जनावर किंवा तीन महिन्यांपेक्षा लहान पिल्लू मारता येत नाही. पशुवैद्यकाची तपासणी आवश्यक असते आणि एका जनावरासमोर दुसऱ्याची कत्तल करण्यास मनाई आहे.

जीव घेणे हेच पाप, असे जैन परंपरा मानते. तत्त्वज्ञ पीटर सिंगर यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात प्राण्यांच्या वेदना सहन करण्याच्या क्षमतेला महत्त्व दिले. भारतीय कायद्याने मधला मार्ग स्वीकारला आहे : मारण्यास मुभा, छळास मनाई.

दुधाचाही संबंध

हा प्रश्न केवळ मांसाहारी व्यक्तींचा नाही. २०१९ च्या पशुगणनेनुसार उत्तर प्रदेशात सुमारे ३ कोटी ३० लाख म्हशी होत्या; ही संख्या देशात सर्वाधिक होती. म्हैस प्रामुख्याने दुधासाठी पाळली जाते. मात्र भाकड म्हैस आणि नर रेडकू पोसणे शेतकऱ्याला परवडत नाही. राज्यातील १९५५ च्या गोहत्या प्रतिबंधक कायद्यात म्हशीचा समावेश नसल्याने अशी जनावरे कत्तलखान्याकडे जातात. म्हणजेच दूध पिणारा शाकाहारी ग्राहकही या साखळीचा भाग आहे.

देखरेखीचे महत्त्व

अधिकृत कत्तलखाना नसेल आणि मागणी कायम असेल, तर कत्तल आडोशाला जाते. तेथे पशुवैद्यक नसतो आणि जनावराच्या वेदनांची नोंद घेणारेही कोणी नसते. मांस खावे की नाही, याचा निर्णय प्रत्येकाने आपल्या विवेकानुसार घ्यावयाचा आहे. परंतु जोवर समाज मांस खातो आणि दूध पितो, तोवर जनावराचा शेवट कसा होतो हे पाहण्याची जबाबदारी शासनाला आणि ग्राहकाला टाळता येणार नाही.